घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आणि आपला २६ नोव्हेंबर



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तेव्हा संविधान दिनावर चार शब्द लिहा, असं विहार समितीनं सांगितलं. आम्ही काही पंडित नाही. सूतगिरणीत पाळीवर काम करणारी माणसं आम्ही; शाळा लवकर सुटली, पुढचं वाचन झालं ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. पण संविधान ही फक्त वकील-प्राध्यापकांनी बोलायची गोष्ट आहे, असं आम्ही मानत नाही. ज्यानं ते लिहिण्याचा भार उचलला त्या महामानवाचं आयुष्य समजलं, की कलमं आपोआप समजतात. म्हणून आम्ही इथं कलमांची यादी न देता बाबासाहेबांचं आयुष्यच सांगणार आहोत.

आपल्या वस्त्यांत १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर हे दिवस लहान लेकरालाही पाठ आहेत. २६ नोव्हेंबर मात्र अजून तितका अंगवळणी पडलेला नाही. २६ जानेवारी असताना हा दुसरा दिवस कशाला, असंही काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आधी त्याचंच उत्तर देऊ.

२६ नोव्हेंबरला झालं काय?

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीत घटना समितीनं भारताची राज्यघटना मंजूर केली. उद्देशिकेत जी तारीख छापलेली आहे ती हीच, २६ जानेवारी नव्हे. संपूर्ण घटना दोन महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० ला लागू झाली हे खरं. पण सोळा कलमं त्याच दिवशी, २६ नोव्हेंबरलाच अमलात आली. त्यात नागरिकत्वाची पाच ते नऊ ही कलमं होती आणि निवडणूक आयोगाचं ३२४ वं कलम होतं. म्हणजे राष्ट्रपती यायच्या आधी, प्रजासत्ताक जाहीर व्हायच्या आधी, नागरिक कोण आणि त्याचं मत कोण सांभाळणार हे ठरलं. आधी माणूस, मग सरकार. आमच्या मते २६ नोव्हेंबरचं सगळं महत्त्व ह्या क्रमात आहे.

नागपूर जिल्हा परिषदेनं २००५ साली शाळांतून संविधानाची ओळख करून देण्याचा उपक्रम घेतला. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनानं २६ नोव्हेंबर हा संविधान दिवस म्हणून पाळायचं ठरवलं. पुढे बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं तो साऱ्या देशासाठी जाहीर केला. म्हणजे राष्ट्रीय दिवस म्हणून तो अलीकडचा. त्याच्यामागचं आयुष्य मात्र फार जुनं आहे.

पाण्यापासून सुरुवात

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत भीमराव जन्मले. वडील रामजी सुभेदार, आई भीमाबाई, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. चौदा भावंडांत हे शेवटचं लेकरू. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहायची. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर घसा कोरडा. १९०१ साली भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले तेव्हा मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट पैसे देऊन, गाडी स्वतः हाकत, रात्रभर पाण्यावाचून पोरं गेली. दहा वर्षांचं वय.

पुढे १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., १९१३ ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. एवढं शिकून १९१७ साली बडोद्यात नोकरीला आले तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन हुसकावलं. पदवीनं पोट भरतं पण जात सुटत नाही, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून कळलेली नाही, अंगावर आलेली आहे.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांनी त्यांच्यामागोमाग ओंजळीनं पाणी घेतलं. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. पण आपल्या मराठवाड्यातली गोष्ट कमी जणांना माहीत आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. दरवाजाजवळच्या टाक्यात सगळ्यांनी हात-तोंड धुतलं, तर तिथल्या लोकांनी शिव्या देत टाकं बाटवलं म्हणून गिल्ला केला. किल्ल्यात जाऊ दिलं ते पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पहाऱ्याला हत्यारबंद शिपाई देऊन. त्या वेळी बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आले होते. मराठवाड्यात त्यांची किंमत एका टाक्याच्या पाण्याइतकीही नव्हती.

आता घटनेचं पंधरावं कलम उघडा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते, यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या कुठल्या देशाच्या घटनेत विहीर आणि तळं इतक्या ठळकपणे येईल? ज्यांना पाणी कधी नाकारलं गेलं नाही, त्यांना हा शब्द सुचला नसता. आणि सतरावं कलम, अस्पृश्यता नष्ट करणारं, घटना समितीनं २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. त्याच्या आधारावर १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला, पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

धोटा आणि दोरा

आम्ही गिरणीतले असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी आपल्या माणसांना कताई खात्यात घेत, पण विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, घेत नसत. पगार तर साच्यांवरच जास्त. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक छिद्रातून तोंडानं ओढून काढावं लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं तो आपण तोंडाला कसा लावायचा, हा सवर्ण कामगारांचा सवाल. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावून विचारलं, की मालकाशी लढताना सगळे कामगार एक, मग साचेखात्याच्या दारात जात कुठून आली? संपाच्या मागण्यांत हा अन्याय दूर करण्याचा मुद्दाही घ्या, असा त्यांनी आग्रह धरला.

आज आमच्या खात्यात रिंगफ्रेमवर कोण कुठल्या जातीचा हे मशीन विचारत नाही. पण हे आपोआप घडलेलं नाही, हे नव्या पोरांनी ध्यानात ठेवावं.

बाबासाहेबांना आपल्याच जातीचे पुढारी म्हणून कोपऱ्यात बसवणाऱ्यांनी त्यांचं कामगारांसाठीचं काम कधी सांगितलं नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्कावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीनं मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. १९४२ ते १९४६ व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळलं. १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम होतं, ते १९४६ च्या दुरुस्तीनं ४८ तासांवर आलं. ते बिल मांडणारे मजूर मंत्री बाबासाहेब होते. किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच १९४६ ला मांडलं, कायदा झाला तो १९४८ ला. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या हक्काकडेही त्यांनी लक्ष दिलं. आठ तासांची पाळी संपवून सायकलवर टांग टाकताना किती कामगारांना हे आठवतं?

घटनेत हे सगळं कुठं दिसतं? एकोणिसाव्या कलमात संघटना बांधण्याचा हक्क आहे. तेविसाव्यात वेठबिगारीला बंदी आहे. एकोणचाळिसाव्यात बाई-गडी दोघांना सारख्या कामाला सारखा पगार, बेचाळिसाव्यात बाळंतपणाची सोय, त्रेचाळिसाव्यात पोट भरेल असं वेतन. फरक इतकाच, की पहिली दोन कलमं मूलभूत हक्कांत आहेत आणि नंतरची तीन मार्गदर्शक तत्त्वांत. मार्गदर्शक तत्त्वं सरकारनं पाळावीत असं घटना सांगते, पण त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही.

बाबासाहेबांना याहून पुढं जायचं होतं. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं त्यांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केलं होतं. मोठे उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत, शेतजमीन सरकारनं घेऊन गावकऱ्यांना सामुदायिक रीतीनं कसायला द्यावी, आणि हे सगळं घटनेतच लिहून ठेवावं म्हणजे बहुमत बदललं तरी बदलणार नाही, असा त्यांचा विचार होता. ते बहुमताला पटलं नाही. म्हणून जी घटना आपल्या हाती आली ती त्यांच्या मनातली पूर्ण घटना नव्हे. त्यांनी मिळवता येईल तेवढं मिळवलं आणि उरलेलं आपल्यावर सोडलं, असं आम्ही समजतो.

घटना समितीत कसे पोचले?

आज वाटतं, बाबासाहेबांशिवाय घटना कोण लिहिणार होतं? पण १९४६ साली त्यांना घटना समितीत जागाच मिळत नव्हती. फेडरेशनची निवडणुकीत धूळधाण झाली होती आणि मुंबई विधिमंडळातून निवडून यायला मतं नव्हती. तेव्हा बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथला नामशूद्र समाज उभा राहिला, आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. कुठं कोकण, कुठं बंगाल! आपल्या समाजानं हे ऋण विसरू नये. पुढे फाळणी झाली, बंगालची ती जागा गेली. तोवर समितीतल्या त्यांच्या कामानं काँग्रेसच्या पुढाऱ्यांचंही मत बदललं होतं. जुलै १९४७ ला त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून आणलं गेलं. ते कायदेमंत्री झाले, आणि २९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले.

त्या सात जणांचं काय झालं हे टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला भर सभेत सांगितलं. एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात, आणि एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. ओझं अखेर बाबासाहेबांच्या खांद्यावर आलं. बी. एन. राव हे सल्लागार होते, त्यांनी आधी कच्चा मसुदा केला होता, एस. एन. मुखर्जी कलमांची भाषा बांधत. त्यांचं श्रेय बाबासाहेबांनी स्वतः सभागृहात मोठ्या मनानं दिलं. पण एकेका कलमावर उभं राहून शेकडो सभासदांना उत्तर देणं, हे काम त्यांनी केलं. साडेसात हजारांवर दुरुस्त्या आल्या होत्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. शरीर तर मधुमेहानं आणि सांधेदुखीनं पोखरलेलं. रमाई १९३५ ला सोडून गेल्या होत्या. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, यांच्याशी विवाह झाला, त्यांनी या दिवसांत त्यांची प्रकृती सांभाळली.

उद्देशिकेत स्वातंत्र्य, समता यांच्या जोडीला बंधुता हा शब्द आहे. नेहरूंनी मांडलेल्या मूळ ध्येयांच्या ठरावात तो नव्हता. मसुदा समितीनं तो घातला. कायद्यानं विहीर खुली करता येते, पण विहिरीवर आलेल्या बाईकडे बघणारी नजर कायद्यानं बदलत नाही. त्याला बंधुता लागते. विहारात बसणाऱ्या आपल्याला हा शब्द परका वाटू नये, कारण तथागतांची मैत्री ती हीच. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपण फ्रान्सकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्वच्छ सांगितलं.

मराठवाडा तेव्हा कुठं होता?

आता आपल्या नांदेड-लातूरकडे वळू. १९४६ ला दिल्लीत घटना समिती बसली तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात, निजामाची रयत. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी आपण नव्हतो. नांदेडच्या गिरणीचं नावसुद्धा उस्मानशाही. राजाच्या नावाशिवाय चाकही फिरत नव्हतं. गावोगाव येसकर-पाडेवाराची वेठ, शिळ्या भाकरीचं बलुतं. बाबासाहेबांचं लक्ष या भागाकडे होतंच. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद झाली, तिथं ते आले. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे इथं महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिथंही आले. हे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आणि लातूरही त्या वेळी त्याच जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस त्यांनी निवेदन काढून संस्थानातल्या आपल्या माणसांना बजावलं, की भारतात यायला विरोध करणाऱ्या निजामाची बाजू घेऊ नका.

सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. पण हैदराबादचे प्रतिनिधी घटना समितीत कधीच बसले नाहीत. म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ ला सभागृहात मराठवाड्याच्या नावानं हात वर करणारा एकही माणूस नव्हता. त्याच महिन्यात निजामानं फर्मान काढून भारताची घटना आपल्या संस्थानाला मान्य केली, तेवढाच आपला संबंध. आमच्या आज्याला कुणी विचारलं नाही, आमच्या आजीला तर नाहीच नाही.

आणि तरीसुद्धा सगळ्यात मोठा फरक पडला तो आपल्यालाच. मुंबई इलाख्यात थोडं तरी विधिमंडळ होतं, मत होतं, जरी ते मालमत्तेच्या आणि शिक्षणाच्या अटीवर होतं. आपल्याकडे रयतेनं सरकार निवडायचं असतं ही कल्पनाच नव्हती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या पाचही जिल्ह्यांतल्या अंगठेबहाद्दर माणसानं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाईनं मत टाकलं. निजाम तेव्हा राजप्रमुख होता. त्याचंही मत एक, आणि शेवाळलेल्या आडाच्या कडेला दुरून पाणी मागणाऱ्या म्हातारीचंही एक. हे ३२६ वं कलम. बाबासाहेबांनी १९१९ ला साऊथबरो कमिटीपुढे मताच्या अटी सैल करा म्हणून साक्ष दिली, १९२८ ला सायमन कमिशनपुढे सगळ्या प्रौढांना मत मागितलं. त्या तीस वर्षांच्या मागणीचं फळ आपल्या पदरात न मागता पडलं. न मागता मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत काय चालतं ते आम्ही लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या मतासाठी एका माणसानं तीस वर्षं घासाघीस केली ते एका रात्रीत संपवणं, हा त्याच्या फोटोला घातलेल्या हाराचा अपमान आहे.

आदल्या दिवशीचा इशारा

घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी समितीत शेवटचं मोठं भाषण केलं. काम पुरं झाल्याचा आनंद सोडून त्यांनी इशारेच जास्त दिले. त्याचा आशय आपल्या शब्दांत असा. घटना कितीही चांगली असो, चालवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल. आता सनदशीर मार्ग उघडा झाला आहे, तेव्हा बाकीचे मार्ग सोडा. राजकारणात कुणा एका माणसाची भक्ती करू नका, तिथून हुकूमशाही येते. आणि २६ जानेवारीपासून मताच्या बाबतीत आपण समान होऊ, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमच राहू. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर विषमतेनं होरपळलेली माणसं हे सगळं उद्ध्वस्त करतील.

पुढं त्यांनाच हे सोसावं लागलं. बायांना वारसाहक्क आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल अडकलं, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ ला उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले, १९५४ ला भंडाऱ्यातून हरले. घटनेच्या शिल्पकाराला त्याच घटनेखाली लोकांनी दोनदा हरवलं, आणि तरी त्यांनी घटनेवरचा विश्वास सोडला नाही. राज्यसभेत गेले आणि बोलत राहिले. इकडे औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) त्यांनी जून १९५० मध्येच कॉलेज सुरू केलं होतं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवटीत अडाणी ठेवलेल्या मराठवाड्याच्या पोरांसाठी ते दार होतं. नांदेड-लातूरच्या किती घरांतला पहिला पदवीधर नागसेनवनातून आला, त्याची मोजदाद ज्यानं त्यानं आपल्या घरात करावी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बुद्ध धम्म स्वीकारला. पंचविसाव्या कलमानं दिलेला धर्माचा हक्क त्यांनी स्वतः वापरून दाखवला. आपलं हे विहारही त्याच कलमावर उभं आहे, नुसत्या विटांवर नाही. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. घटनेनंतर त्यांना आयुष्य लाभलं सात वर्षं आणि थोडे दिवस. धम्म घेतला म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या, त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. तीही लढाई सनदशीर मार्गानंच जिंकली गेली.

मराठवाड्यानं मोजलेली किंमत

बाबासाहेबांनी सांगितलेली विसंगती कुणाला पाहायची असेल तर त्यानं आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहावा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. ठराव सनदशीर, पण मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. सोळा वर्षं लाँग मार्च झाले, तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ ला याच नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. तारीख बघा. बरोबर चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला बाबासाहेबांनी तो इशारा दिला होता. पुढं दीड-दोन महिन्यांत, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

गौतमच्या बलिदानापुढं आम्ही नतमस्तक आहोत. पण विधिमंडळानं केलेला ठराव अमलात यायला माणसाला जळावं लागतं, ही लाज त्याची नव्हे, ज्यांनी सोळा वर्षं लावली त्यांची आहे. आणि आपल्यातलं एकही लेकरू पुन्हा त्या वाटेनं जाऊ नये, त्याच्या हाती कायद्याचं पुस्तक असावं, ही जबाबदारी आपली आहे. हे जुनं झालं म्हणावं, तर जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला, आणि गावात भीमजयंती काढल्याचा राग हे कारण फिर्यादीत आलं.

मग २६ नोव्हेंबरला करायचं काय?

उद्देशिकेचं सामुदायिक वाचन जरूर करावं, हार घालावा, खीर वाटावी. पण तेवढ्यावर थांबलो तर, ज्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी सावध केलं तीच आपण त्यांची करत बसू. आम्ही या स्मरणिकेतून उपासक-उपासिकांना चार कामं सुचवतो. एक, विहारात दर रविवारी वंदनेनंतर घटनेचं एक कलम वाचावं आणि ते आपल्या वस्तीत पाळलं जातं का ते उघड बोलावं. दोन, अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोरा-पोरीचं मतदार यादीत नाव आहे का ते समितीनं घरोघर जाऊन पाहावं. मताचं वय एकवीसवरून अठरा झालं तेही घटनादुरुस्तीनंच. तीन, कंत्राटावर राबणाऱ्या माणसाला किमान वेतन, हजेरीचा कागद आणि फंड मिळतो का, हे युनियननं विहारात येऊन समजावून सांगावं. चार, हे सगळं फक्त बौद्ध वस्तीत न करता मातंग, मुस्लिम, वडार, हटकर, मराठा अशा सगळ्यांना बोलावून करावं, कारण बंधुता एका वस्तीत मावत नाही.

ज्या माणसाला शाळेत नळाला हात लावू दिला नाही, त्यानं साऱ्या देशाच्या तळ्या-विहिरींचं कुलूप उघडून दिलं, आणि उघडताना कुणाची जात विचारली नाही. किल्ली आता आपल्याकडे आहे. ती गंजू द्यायची नाही, एवढं केलं तरी विहाराचा वर्धापनदिन साजरा झाला असं आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम! जय संविधान!